पीसीओडी निघालंय म्हणे, आता पुढं काय करायचं? सोलापुरातल्या पोरींसाठी एक एक पायरी

परवा जेवणाच्या सुट्टीत आमच्या पतसंस्थेत नवीन लागलेली मुलगी सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "ताई, माझ्या पोटात गाठी आहेत ओ, आईला अजून सांगितलं नाही." डबा तसाच उघडा ठेवून रडत होती. रिपोर्टवर एकच ओळ होती, दोन्ही बाजूला पीसीओडी. डॉक्टरांनी तीन मिनिटं बघितलं, गोळ्या लिहिल्या आणि वजन कमी कर, लग्न झालं की होईल व्यवस्थित एवढं सांगून पुढच्या पेशंटला बोलावलं.

मला माझे सतराव्या वर्षीचे दिवस आठवले. मलाही सेम हेच वाक्य ऐकवलं होतं आणि नेमकं काय झालंय ते कळायला पुढची नऊ वर्षं गेली. त्या नऊ वर्षांत जे जे चुकलं ते तुमचं चुकू नये म्हणून हे सगळं एका जागी लिहितेय. मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत क्लार्क आहे, त्यामुळं औषध कुठलं आणि किती ते तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण त्यांच्यासमोर बसताना काय माहीत असावं ते मी सांगू शकते.

१. आधी त्या "गाठी" डोक्यातून काढा

सोनोग्राफीत जे काळे काळे ठिपके दिसतात त्या गाठी नसतात. बीजांडाच्या बारक्या पिशव्या असतात त्या, प्रत्येकीच्या अंडाशयात असतातच. दर महिन्याला त्यातली एक मोठी होऊन फुटते आणि बीज बाहेर येतं. पीसीओएसमध्ये (पीसीओडीचंच दुसरं नाव) हॉर्मोनच्या गडबडीमुळं त्या अर्धवट वाढून २ ते ९ मिलिमीटरवर थांबतात, मग एकदम खूप दिसतात. त्या फुटून विष होत नाही, त्यांचा कॅन्सर होत नाही, त्या ऑपरेशन करून "काढायच्या" नसतात. एका पाहुण्यांनी माझ्या आईला पुण्याला नेऊन गाठी काढून आणा असं सांगितलं होतं आणि आईनं खरंच पैशाची जुळवाजुळव सुरू केली होती, म्हणून हे पहिलंच लिहितेय.

घोळ नावातच आहे, पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे शब्दशः बऱ्याच गाठींचं अंडाशय. १९३५ साली शिकागोत स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी सात बायकांचं वर्णन लिहिलं, त्यांची अंडाशयं मोठी आणि ठिपक्याठिपक्यांची दिसली, आणि तेव्हापासून सगळ्यांची नजर अंडाशयावरच अडकली. शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नाही आणि त्याचा याच्याशी संबंध आहे हे १९८० च्या सुमारास पुढं आलं. हे नावच दिशाभूल करतं, बदला, असं अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं नेमलेल्या तज्ज्ञांनी २०१२ मध्ये सुचवलं होतं. म्हणजे गोंधळ फक्त आपल्या गल्लीतला नाही.

आणि ते "पीसीओडी म्हणजे साधं, पीसीओएस म्हणजे सीरियस" असं सांगणारे रील बघत असाल तर सोडून द्या. अशी काही वैद्यकीय वर्गवारी नाही. आपल्याकडं दोन्ही नावं एकाच गोष्टीला वापरतात. साधं आहे म्हणून दुर्लक्ष करायला नको आणि सीरियस आहे म्हणून घाबरायला पण नको.

तुम्ही एकट्या तर अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं पाळीच्या वयातल्या १० ते १३ टक्के बायकांना हे असतं आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना आपल्याला हे आहे हेच माहीत नसतं. लोकलच्या डब्यात सोडा, आपल्या सिटी बसमध्ये चाळीस बायका असतील तर त्यातल्या चार-पाच जणी असतील.

२. तारखांची वही करा, आजच

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, पाळी नियमित आहे का. आणि आपण म्हणतो, "थोडी मागंपुढं होते." या उत्तराचा कोणालाच उपयोग नाही. मी दहा वर्षं हेच उत्तर देत होते. मग एका डॉक्टरीणबाईंनी मागच्या सहा तारखा विचारल्या आणि मला एक पण सांगता आली नाही.

अ‍ॅप वापरा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा, काहीही करा. पाळी आली तो दिवस, किती दिवस चालली, किती पॅड लागले, मध्येच डाग पडले का, एवढं लिहा. मग हे बघा. पाळी सुरू होऊन तीन वर्षं झाली असतील तर २१ ते ३५ दिवसांचं अंतर ठीक. ३५ च्या पुढं सारखं जात असेल किंवा वर्षात ८ पेक्षा कमी वेळा पाळी येत असेल तर ती अनियमित. नुकती पाळी सुरू झालेल्या मुलींचा हिशोब वेगळा, पहिलं वर्षभर तर कशीही येऊ शकते, त्यानंतरची दोन वर्षं ४५ दिवसांपर्यंत चालतं.

दोन गोष्टींसाठी मात्र वही भरायची वाट बघू नका. तीन महिने पाळीच आली नाही, किंवा आली ती थांबतच नाही, तर लगेच दाखवा. पाळी आली नाही की आतलं अस्तर साठत राहतं आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर पुढं गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. धोका एकूणात कमीच आहे, पण टाळता येण्यासारखा आहे. "बरं झालं, नाही आली तर कटकट नाही" असं मी कॉलेजला असताना म्हणायचे, एकदा तर पाच महिने. तीळ-गूळ, पपई खाऊन वाट बघत बसण्यात ते पाच महिने गेले.

लग्न झालेलं असेल तर आणखी एक. पाळी चुकली की "माझी तर तशीच असते" म्हणून सोडू नका, आधी मेडिकलमधून किट आणून युरिन टेस्ट करा. पीसीओएस आहे म्हणजे दिवस राहत नाहीत हा गैरसमज खूप जणींना नको तेव्हा महागात पडतो. मूल नको असेल तर काळजी घ्यावीच लागते.

३. कुठं जायचं आणि सोबत काय न्यायचं

सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञांकडं करा. शुगर, थायरॉइड असं काही निघालं तर फिजिशियन किंवा हॉर्मोनचे डॉक्टर, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. रेल्वे लाइन्स, सात रस्ता भागात दवाखान्यांना तोटा नाही, पण फी आणि तपासण्या मिळून खर्च बराच होतो. परवडत नसेल तर सिव्हिलला जा, बिनधास्त जा. आपलं सिव्हिल म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे डॉ. वैशंपायन मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे, त्यामुळं स्त्रीरोग, मेडिसिन, त्वचा, मानसिक आजार असे सगळे विभाग तिथंच मिळतात, बाहेर चार ठिकाणी फिरावं लागत नाही. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, गर्दी असते, पाण्याची बाटली आणि सुट्टीचा अर्धा दिवस हाताशी ठेवायचा.

पिशवीत हे टाका:

- आधार कार्ड, केसपेपरला आणि सोनोग्राफीला मागतात
- तारखांची वही किंवा अ‍ॅपचे फोटो
- जुने सगळे रिपोर्ट, तारखेप्रमाणे लावून, एका फाइलमध्ये
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं. आयुर्वेदिक काढा, केसांच्या कॅप्सूल, जिमवाल्यानं दिलेली पावडर, सगळं
- घरात कोणाला शुगर, बीपी, थायरॉइड आहे, आईला-मावशीला-बहिणीला पाळीचा त्रास होता का, हे विचारून लिहिलेला कागद
- तुमचे प्रश्न, लिहूनच. आत गेल्यावर काही आठवत नाही

सोबत आई किंवा मैत्रीण असू दे, पण डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीनं बोलायचं असेल तर तसं सांगा. तो तुमचा हक्क आहे.

४. तपासण्या, इथंच सगळ्यात जास्त चुका होतात

नीट लक्षात घ्या, पीसीओएसची अशी एकच एक टेस्ट नाही. सोनोग्राफी तर नाहीच. डॉक्टर तीन गोष्टी बघतात. एक, पाळी अनियमित आहे का. दोन, पुरुषी हॉर्मोन जास्त आहेत का, म्हणजे हनुवटीवर, छातीवर, पोटावर जाड केस, न जाणारे पिंपल्स, डोक्यावर भांगापाशी केस विरळ होणं, किंवा रक्तात टेस्टोस्टेरॉन वाढलेलं. तीन, सोनोग्राफीत अंडाशय तसं दिसणं. यातल्या दोन गोष्टी असतील आणि दुसरं कुठलं कारण नसेल तरच पीसीओएस म्हणतात. २००३ साली नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमला तज्ज्ञांच्या बैठकीत हे ठरलं आणि आजही ढोबळमानानं तेच चालतं. म्हणजे पहिल्या दोन गोष्टी असतील तर निदानासाठी सोनोग्राफी लागत पण नाही! आणि उलट, पाळी अगदी वेळेवर, केस नाहीत, पिंपल्स नाहीत, नुसते सोनोग्राफीत ठिपके, तर तो पीसीओएस नाही.

२०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकारानं नवीन आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या. त्यात प्रौढ बायकांसाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच नावाची रक्ताची टेस्ट चालेल असं म्हटलंय, दोन्हींची गरज नाही. आणि पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं व्हायच्या आत या दोन्ही गोष्टींवरून निदान करू नका, कारण त्या वयात बऱ्याच मुलींची अंडाशयं तशीच दिसतात. मला पाळी तेराव्या वर्षी आली, सोनोग्राफी सतराव्या वर्षी झाली आणि तेवढ्यावर शिक्का बसला. पुढं तो बरोबर निघाला ही वेगळी गोष्ट, पण माझ्या आतेबहिणीचा नाही निघाला.

ती बार्शीची. पाळी दोन-दोन महिने नाही, वजन वाढलेलं, सोनोग्राफीत पीसीओडी. दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या. मग कोणीतरी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ताची टेस्ट, करायला लावली आणि थायरॉइड निघालं. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत पाळी रुळावर आली. म्हणून "दुसरं कारण नसेल तरच" हे शब्द मी वहीत अधोरेखित करून ठेवलेत. टीएसएच आणि प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हॉर्मोन) या दोन टेस्ट झाल्याशिवाय पीसीओएस आहे असं मान्य करू नका, आणि गरज वाटली तर डॉक्टर १७-ओएचपी पण सांगतात, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा एक जन्मजात आजार अगदी असाच दिसतो म्हणून. आणि केस हळूहळू न वाढता दोन-चार महिन्यांतच भराभरा आले, आवाज घोगरा झाला, तर थांबू नका, ते वेगळं असू शकतं.

आता छोटे छोटे सापळे.

केसांसाठी बायोटिनच्या कॅप्सूल घेत असाल तर ते लॅबवाल्याला आणि डॉक्टरांना सांगा. बायोटिनमुळं थायरॉइड आणि हॉर्मोनचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. आपल्यातल्या निम्म्या पोरी केस गळतात म्हणून त्या खातच असतात! टेस्टच्या किती दिवस आधी बंद करायच्या ते विचारून घ्या.

पाळीच्या हॉर्मोनच्या गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन मोजण्यात अर्थ नसतो, त्यासाठी गोळ्या साधारण तीन महिने बंद असाव्या लागतात. पण स्वतःच्या मनानं बंद करू नका.

प्रोलॅक्टिनच्या टेस्टला धावतपळत जाऊ नका, ताणानं, झोप न झाल्यानं पण ते वाढतं. थोडं वाढलेलं आलं तर शांतपणे परत करतात.

पोटावरून सोनोग्राफी करायची असेल तर लघवी दाबून धरावी लागते, मी पार्क चौकातून रिक्षात बसल्यापासून दीड तास पाणी पीत होते आणि नंबर आल्यावर कळलं की मशीनवाले डॉक्टर ऑपरेशनला गेलेत. फोन करून वेळ घ्या आणि मगच पाणी प्या. लग्न झालेल्या बायकांची बऱ्याचदा आतून करतात, तेव्हा उलट लघवी करून जायचं असतं. आतून करायची का हे तुमच्या होकारावर आहे.

फास्टिंग इन्सुलिनची टेस्ट बऱ्याच पॅकेजमध्ये घुसवलेली असते, महाग असते. नवीन सूचनांप्रमाणे रोजच्या उपचारासाठी तिची गरज नाही. एलएच-एफएसएच या दोन हॉर्मोनचं प्रमाण पण निदानाला लागत नाही. "फुल पीसीओडी पॅकेज" घेण्याआधी डॉक्टरांनी लिहिलेल्या टेस्टचीच यादी लॅबमध्ये द्या.

आणि आता जी टेस्ट माझी नऊ वर्षं राहून गेली तिच्याविषयी. शुगर.

माझी मान काळी होती. शाळेपासून. आई रविवारी मला न्हाणीघरात पाटावर बसवायची आणि बेसन, लिंबू, कधी मीठ घालून मान घासायची, लाल होईपर्यंत. "नीट अंघोळ करत नाहीस" म्हणून दोघींची भांडणं व्हायची. काखेत पण तसंच. मी कायम ओढणी गळ्याला गुंडाळून फिरायचे, मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत पण. तो मळ नव्हताच. इन्सुलिन जास्त झालं की मानेची, काखेची कातडी अशी जाड, काळी, मखमलीसारखी होते. किती डॉक्टरांनी ती मान बघितली असेल, एकानंही शुगरचं काही विचारलं नाही. उपाशीपोटीची शुगर एकदा-दोनदा केली होती, ती ९४, नॉर्मल.

मग सव्विसाव्या वर्षी ज्या डॉक्टरीणबाई भेटल्या त्यांनी मानेवरून बोट फिरवलं आणि ग्लुकोजची टेस्ट लिहिली. रात्रीपासून उपाशी राहून सकाळी लॅबमध्ये जायचं, आधी रक्त देतात, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचं. इतकं गोड असतं की मळमळतं. मग दोन तास तिथंच बसायचं, चहा नाही, खाणं नाही, फिरणं नाही, आणि परत रक्त. माझी दोन तासांनंतरची आली १६८. १४० च्या आत हवी, २०० झाली की डायबेटिस, मधली म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर. उपाशीपोटी ९४ आणि नंतर १६८! फक्त उपाशीपोटीची बघत राहिले असते तर कळलंच नसतं.

रिपोर्ट घेऊन घरी आले आणि आईला दाखवला. तिनं काही न बोलता माझी मान बघितली, मग आत गेली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "लई घासली गं मी."

म्हणून सांगते, पीसीओएस निघालं की वजन कितीही असो, ही दोन तासांची टेस्ट मागून घ्या. जमतच नसेल तर उपाशीपोटीची शुगर किंवा एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, तरी. सोबत बीपी आणि कोलेस्टेरॉल.

५. गोळ्या: कुठली कशासाठी, हे विचारल्याशिवाय उठू नका

एकाच चिठ्ठीवर तीन प्रकारच्या गोळ्या असू शकतात आणि तिन्हींचं काम वेगळं.

पाळी आणणाऱ्या गोळ्या. पाच-दहा दिवसांच्या असतात, थांबवल्या की पाळी येते. अस्तर साफ करणं एवढंच त्यांचं काम. पाळी आली म्हणजे बरं झालं असं नाही, मी तीन वर्षं दर तीन महिन्यांनी त्याच जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून परस्पर आणून खात होते. तसं करू नका.

गर्भनिरोधक गोळ्या, २१ दिवसांच्या पाकिटातल्या. पाळी नियमित करायला आणि पुरुषी हॉर्मोन दाबायला याच पहिल्यांदा देतात. लग्न न झालेल्या मुलीला ही गोळी कशाला, म्हणून आमच्या घरी दोन दिवस अबोला होता, आणि मेडिकलवाल्यानं कागदात गुंडाळून देताना माझ्याकडं असं बघितलं की मी पुढच्या वेळी दुसऱ्या पेठेतून आणली. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, हे हॉर्मोनचं औषध आहे. यानं पुढं मूल होत नाही हे पण खोटं. पण विचारायच्या गोष्टी आहेत. बीपी मोजलं का? अर्धशिशी आहे आणि डोकं दुखायच्या आधी डोळ्यापुढं चमकतं का? तुम्हाला किंवा घरात कोणाला पायात, फुप्फुसात रक्ताची गाठ झाली होती का? तंबाखू-मिश्री-सिगारेट? यातलं काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, ही गोळी चालेलच असं नाही. गोळी बंद केल्यावर पाळी परत पहिल्यासारखी होऊ शकते, त्याचा अर्थ गोळीनं बिघडवलं असा नसतो, मूळ गोष्ट तिथंच असते.

मेटफॉर्मिन. "ही तर शुगरची गोळी, तुला शुगर आहे का?" हा प्रश्न येणारच. इन्सुलिनचं काम सुधारायला देतात. सुरुवातीला जुलाब, मळमळ होते, म्हणून कमी डोसपासून, जेवणासोबत. बरेच जण पहिल्या आठवड्यात सोडून देतात, डॉक्टरांना सांगा, डोस बदलता येतो. जास्त दिवस घेतली तर बी-१२ कमी होतं, शाकाहारी असाल तर मधूनमधून तपासा. जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त मिळते.

इनोसिटॉल नावाच्या सप्लिमेंटची पाकिटं महाग असतात आणि जाहिरात जोरात. नुकसान फारसं नाही, पण पाळी-केस यावर फायदा दाखवणारा पुरावा तोकडा आहे. महिन्याचं बजेट ताणून घेऊ नका.

केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन दिलं असेल तर त्या काळात दिवस जायला नकोत, बाळाला अपाय होऊ शकतो. हे लग्न झालेल्या मैत्रिणींना मुद्दाम सांगा.

६. खाणं, वजन, व्यायाम

"आधी वजन कमी कर, मग ये" असं म्हणून परत पाठवलं तर डॉक्टर बदला. वजनामुळं त्रास वाढतो हे खरं, पण इन्सुलिनच्या गडबडीमुळं वजन वाढायला पण मदत होते, आणि बारीक मुलींना पण पीसीओएस असतं. माझ्या शेजारची तेलुगू अक्का कायम काडीसारखी, तिला पण आहे. तिला तर "तू कुठं जाड आहेस" म्हणून कोणी तपासलंच नाही.

पीसीओएससाठी खास असा कुठलाच एक डाएट नाही, २०२३ च्या सूचनांत हे स्पष्ट आहे. मला एकीनं ओट्स, किनोआ, बदामाचं दूध लिहून दिलं होतं, एका महिन्यात जीव मेटाकुटीला आला. आपली ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, पालेभाजी, ताक, यात काय वाईट आहे? शेंगाचटणी पण बंद नाही केली, चमचाभर घेते. बंद काय केलं तर दिवसातले चार गोड चहा, बेकरीचे खारी-टोस्ट आणि रात्री साडेदहाचं जेवण. उपाशी राहू नका, कडक उपवास करून परत तुटून खाणं होतं, माझं व्हायचं.

व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटं आणि दोन दिवस ताकदीचा. सकाळी सहाला होम मैदानाच्या बाजूनं सिद्धेश्वर तलावाकडं चालत जाते, उन्हाळ्यात साडेसातनंतर बाहेर पडायची सोय नाही. ताकदीसाठी दोन लिटरच्या बाटल्या भरून उचलते, जिमची फी परवडत नाही म्हणून. वजन माझं दीड वर्षात चार किलोच उतरलं, पण पाळीचं अंतर सत्तर दिवसांवरून चाळीसवर आलं. काट्यावर रोज चढू नका.

७. केस आणि पिंपल्स

औषधाचा परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात, त्याआधी सोडू नका. तोपर्यंत थ्रेडिंग, वॅक्स, रेझर, काहीही चालतं, रेझरनं केस जाड होतात हा गैरसमज आहे. लेझर करायचं असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडं, आपल्या रंगाच्या कातडीला चालणारं मशीन आहे का ते विचारून. पार्लरमधल्या स्वस्त पॅकेजनं एका मैत्रिणीची हनुवटी भाजली.

८. घरचे, स्थळं आणि मूल

लग्न हे पीसीओएसचं औषध नाही. मूल पण नाही. आणि पीसीओएस म्हणजे वांझपण नाही, हे तर चारदा सांगावं लागतं. बऱ्याच जणींना आपलं आपण मूल होतं, काहींना औषधाची मदत लागते आणि त्यात पहिली गोळी साधी असते, लेट्रोझोल. मेडिकलवाला "ही कॅन्सरची गोळी आहे" म्हणाला तर घाबरू नका, ती स्तनाच्या कॅन्सरला वापरतात हे खरं, पण मोजक्या दिवसांपुरती बीज तयार करायला पण वापरतात. आपल्याकडं २०११ मध्ये या वापरावर बंदी आली होती, २०१७ मध्ये उठली, त्यामुळं जुन्या लोकांच्या डोक्यात ती भीती अजून आहे. मूल हवं असेल तर वर्षभर प्रयत्न करून मग असं थांबायची पण गरज नाही, पाळीच येत नसेल तर आधीच डॉक्टरांना सांगा. दिवस राहिल्यावर शुगरची तपासणी लवकर करायला सांगा, गरोदरपणातल्या डायबेटिसचा धोका आपल्याला जास्त असतो.

स्थळांना सांगायचं का, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. मी सांगितलं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात सगळ्यांसमोर नाही, नंतर मुलाला एकट्याला, फाइल घेऊन. दोन ठिकाणांहून नकार आला, आणि त्या दोन्ही वेळी मी रात्रभर जागी होते. माझं मत असं की सांगावं, पण घाबरून माफी मागितल्यासारखं नाही, बीपी किंवा थायरॉइड सांगतो तसं. तुमचं मत वेगळं असू शकतं आणि तुमच्या घरची परिस्थिती तुम्हालाच माहीत.

उदास वाटणं, चिडचिड, आरशात बघू नये असं वाटणं, हे नाटक नसतं. पीसीओएसमध्ये डिप्रेशन आणि अस्वस्थता जास्त आढळते आणि डॉक्टरांनी ते विचारलंच पाहिजे. विचारत नसतील तर तुम्ही काढा विषय. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

९. दरवर्षीचं

हे एकदा औषध घेऊन संपत नाही, पण रोज त्याच्यामागं धावायला पण लागत नाही. बीपी आणि वजन वर्षातून एकदा. शुगरची टेस्ट एक ते तीन वर्षांनी, तुमचा धोका बघून डॉक्टर ठरवतात. पाळी तीन महिन्यांपेक्षा लांबली की फोन. झोपेत खूप घोरत असाल आणि दिवसभर पेंग येत असेल तर तेही सांगा.

मला ती शुगरची टेस्ट दरवर्षी करायला सांगितलीय. तारीख विसरायला होऊ नये म्हणून मी ती गड्ड्याला बांधून टाकलीय, जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा झाली, पाळण्यात बसून झालं, की पुढच्या सोमवारी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये. यंदा दोन तासांची १३७ आली. फाइलमध्ये १६८ च्या मागंच लावून ठेवलीय. आमच्या ऑफिसातल्या मुलीची पुढच्या मंगळवारी आहे, तिची आई सोबत येणार आहे, मी अर्धा दिवस रजा टाकलीय.